वाशीबद्दल, आणि तीन आठवड्यांच्या खोटेपणाबद्दल

पुणे,
कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. या आठवड्यात चार वेळा फोन लावला आणि चारही वेळा दुधाचे भाव, वाडीतलं गटार आणि माझी पाठ एवढ्यावर बोलून ठेवून दिला. लिहिताना निदान बाबा मध्येच "चल, ठेवतो, बिल वाढतंय" म्हणणार नाहीत. (बिल वाढत नाही, बाबा. शंभरदा सांगितलंय.) सुहास उद्या कुंभार्लीमार्गे उतरतोय, त्याच्याबरोबर पाठवतेय. आई, तू चष्मा लावून मोठ्याने वाच. बाबांच्या हातात देऊ नकोस, ते शेवटचं पान आधी वाचतात.

तुमच्या लाडक्या कुत्रीला, वाशीला, गोचीडताप नाही. तीन आठवडे मी तुम्हाला तसं सांगितलं, ते खोटं होतं. तिला लिम्फोमा आहे, म्हणजे गाठींचा कॅन्सर. लिहिला एकदाचा शब्द.

बाबा, गणपतीत तुम्ही तिचा पट्टा एक भोक सैल केलात आणि आईला म्हणालात, "हिची भाकरी कमी कर, मान सुटलीय." मी तिथेच मोदकाची उकड मळत बसले होते. नंतर तिच्या गळ्याखाली हात घातला तर जबड्याच्या दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी. टणक, आणि दाबल्या तरी ती हूं की चूं करेना. खांद्यापुढे तशाच, मागच्या पायांच्या खोबणीतही. म्हणून "चार दिवस हवापालट" म्हणत गाडीत घातली. हवापालटाला चिपळूण सोडून कोणी पुण्याच्या धुरात येतं का? तुम्ही विचारलं नाहीत. मला तेव्हाच वाटलं, बाबांना काहीतरी कळलंय.

गावातल्या डॉक्टरांना बोल लावू नका. गाठी दिसल्या की आधी इन्फेक्शनच धरतात आणि अँटिबायोटिक देतात, त्यांनी तेच केलं. उलट त्यांनी स्टेरॉइड दिलं नाही हे आपलं नशीब. तपासणीआधी ते पोटात गेलं असतं तर गाठी वरवर बसल्या असत्या आणि पुढची औषधं नीट लागू पडली नसती. इथे गाठीत सुई घालून नमुना काढला. रिपोर्ट 'बी-सेल' आला. त्यातल्या त्यात औषधाला दाद देणारा हा प्रकार.

आता जे सांगायला इतके दिवस लावले ते. उपचार सुरू केलेत. विचारायला हे पत्र नाही, तीन डोस झालेसुद्धा. एकूण 19 आठवड्यांचं वेळापत्रक आहे, मध्ये मध्ये विश्रांतीचे आठवडे धरून. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ती माझ्याकडेच राहील. तुम्हाला न विचारता ठरवलं, कारण विचारलं असतं तर तुम्ही दोघांनी दोन वेगवेगळ्या कारणांनी नको म्हटलं असतं आणि मी ऐकलं असतं.

आई, तुझं कारण मला माहीत आहे. माईमावशी. त्या सहा महिन्यांत तू जे पाहिलंस ते मीही दाराआडून पाहिलंय. पण कुत्र्यांचं केमो तसं नसतं. औषधं तीच, अगदी माणसांचीच, पण हेतू वेगळा. माणसाला मुळापासून बरं करायचं म्हणून अंगाला सोसेल तितकं औषध देतात. इथे तिचे दिवस चांगले जावेत एवढ्याच बेताने डोस ठरवतात. पहिल्या इंजेक्शननंतर एक दिवस तिने जेवणाकडे पाठ फिरवली, एकदा उलटी झाली. तिसऱ्या दिवशी माझ्या हातातली पोळी ओढून नेली. अंगावरचे केस तसेच आहेत. मिशा मात्र गळताहेत. काल सतरंजीवर एक सापडली, पांढरी, टोकाला जरा वळलेली. देवघरातल्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलीय. हसू नकोस.

बाबा, तुमचं कारण आकड्यात आहे, म्हणून आकड्यातच सांगते. प्रत्येक खेपेला आधी रक्त तपासतात, पांढऱ्या पेशी कमी असतील तर डोस पुढे ढकलतात. रक्त, औषध, सलाइन, सगळं धरून एका खेपेचे आठ-नऊ हजार होतात. डॉक्सोरुबिसिन नावाचं एक लाल औषध असतं, त्याच्या आधी हृदयाची सोनोग्राफी, त्याचे वेगळे. सगळं मिळून पावणेदोन लाखांच्या घरात जाईल. हो, कुत्रीवर. हे पैसे स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांसाठी बाजूला काढले होते. तुमच्या कानाच्या मशीनचे वेगळे आहेत, त्यांना हात लावलेला नाही, तेव्हा "मशीन राहू दे" हे वाक्य फोनवर ऐकायचं नाही. ट्रॉल्यांवाचून माझा संसार बारा वर्षं चाललाय.

आणि स्टेंटच्या वेळी टेबलावर आडवं होता होता डॉक्टरांना "स्वस्तातला घाला" म्हणणारे कोण होते? त्यामुळे योग्य खर्च कुठला हे तुम्ही मला सांगू नये, असं माझं नम्र मत आहे. लहानपणी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलच्या गोष्टी तुम्हीच सांगायचात. पेटिट शेटनी बायकोच्या नावाने जनावरांचं हॉस्पिटल बांधलं, हे सांगताना तुमचा आवाज किती मोठा व्हायचा. पावणेदोन लाखांत कुणा गरजूचं काय काय झालं असतं, हा विचार माझ्याही मनात येतो, विशेषतः रात्री. त्याचं नीट उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच की 2021च्या जुलैतल्या पुरात आईबरोबर दोन रात्री त्या गच्चीवर कोण बसलं होतं, ते मला विसरता येत नाही. मी पुण्यात होते, फोन लागत नव्हता. घरात असायला हवं होतं ते माणूस मी. आणि तिथे होती एक ओली, खरजेची, कुठून वाहत आली कुणास ठाऊक अशी कुत्री.

ती बरी होणार नाही. हे एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नका. उपचार न करता महिना-दीड महिना गेला असता. उपचारांनी बहुतेक कुत्र्यांच्या गाठी बसतात आणि साधारण वर्षभर मिळतं. कुणाला जास्त, कुणाला कमी. नंतर गाठी परत येतात. हे सगळं कळून ठरवलंय. ज्या दिवशी ती जेवण सोडेल, शेपटी हलवणं सोडेल, त्या दिवशी थांबायचं असं डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलंय. मोतीच्या वेळी झालं तसं होऊ देणार नाही. बाबा, तुम्हाला पुन्हा तिथे उभं राहावं लागणार नाही. मी राहीन.

आता जरा बरं काही सांगते. तिचं इथे सगळं व्यवस्थित आहे. हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराशी जागा केलीय, सकाळचं ऊन तिथे येतं. खाली बाबांचा तपकिरी स्वेटर घातलाय (हो, तो माझ्याकडेच आहे, पिशवीत चुकून आला होता). स्टेरॉइडच्या गोळ्यांनी भूक आणि तहान दोन्ही वाढल्यात. तांब्याने नाही, बादलीने पाणी पिते. मग रात्री दोनला दाराशी जाऊन उभी. लिफ्टमध्ये सुरुवातीला चारी पाय ताणून भिंतीला चिकटायची, आता आमच्या आधी आत शिरते आणि बटणांकडे बघते. सासूबाईंचं ऐका, या घरात ज्यांनी कधी अंडं येऊ दिलं नाही, त्यांनी तिच्यासाठी वेगळं पातेलं काढलंय. पातेल्याला लाल धागा बांधायचाच काय तो राहिलाय. दवाखान्यातल्या मुलीने फाइलवर 'वाशी' हे नाव गावाच्या रकान्यात लिहिलं आणि नावाच्या रकान्यात माझं. बिल त्यामुळे माझ्या नावाने, वजन 17 किलो! अमोलने फोटो काढून ठेवलाय.

डोस दिला की दोन-तीन दिवस तिचं मूत्र हातमोजे घालून पुसायचं आणि वर भरपूर पाणी ओतायचं, कारण औषध त्यातून बाहेर पडतं. ते मी करते, सासूबाईंना करू देत नाही. हृदयाची सोनोग्राफी परवा झाली. डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम छान. मी म्हटलं, आमच्या घरात तेवढं एकच.

आई, तुला एक गंमत सांगते. पहिलं इंजेक्शन होतं व्हिनक्रिस्टीनचं. कशापासून निघतं माहीत आहे? सदाफुलीपासून. तुझ्या तुळशीमागची, देवाला रोज पाच फुलं काढतेस तीच. डॉक्टरांनी नितळ पाण्यासारखं औषध सिरिंजमध्ये ओढलं तेव्हा मला तुझं परडं दिसलं, आणि लहानपणी तू माझ्या वेणीत ती फुलं माळायचीस ते आठवलं. शाळेत पोचेपर्यंत कोमेजायची. तरी मी हट्ट करायचे.

आणि लगेच सांगून ठेवते. "औषध घरचंच आहे तर काढा करून देऊ" असलं काही डोक्यात आणायचं नाही. झाड विषारी आहे. ते इंजेक्शनसुद्धा शिरेबाहेर थेंबभर सांडलं तरी आजूबाजूचं मांस जाळतं, म्हणून सुई नीट लागलीय ना ते दोन-दोनदा बघतात. बाबा, हे तुमच्यासाठीही आहे. साखरेसाठी सकाळी पानं चघळता ते मला माहीत आहे, खिशात सापडली होती. 1950च्या दशकात जमैकातून अशीच पानं कॅनडातल्या नोबल नावाच्या डॉक्टरांकडे गेली, तीही मधुमेहावर चालतात म्हणूनच. उंदरांना त्यांचा अर्क दिला तर साखर काही हलली नाही, पांढऱ्या पेशी मात्र धडाधड उतरल्या. त्यातूनच पुढे हे कॅन्सरचं औषध आलं. म्हणजे तुमचा उपाय शास्त्रज्ञांनी सत्तर वर्षांपूर्वी करून पाहिलाय आणि साखरेच्या कामात तो नापास झालाय. उद्यापासून बंद. गोळी घ्या, ती दिली आहे डॉक्टरांनी.

दुसरं. आई म्हणाली तुमचं सकाळचं फिरणं बंद आहे. "ती नाही तर एकटा कुठे जाऊ" म्हणे. गांधारेश्वरापर्यंत जायला साखळी हातात लागते का? मी तिला रोज सकाळी सव्वासहाला खाली नेते. तुम्हीही सव्वासहालाच निघा आणि परत आलात की मिसकॉल द्या. मी तिच्या कानाशी फोन धरीन. मिसकॉल आला नाही तर आईला फोन येईल, मग बसा ऐकत. आणि पायात चपला नकोत, बूट. पावसाचं शेवाळ अजून असेल.

आई, विंध्यवासिनीला नवस बोललीस ते अमोलने मला सांगितलं. बोलली आहेस ते असू दे, पण अनवाणी जायचं नाही. गुडघ्याला विचार आधी.

पुढच्या गुरुवारी लाल औषध आहे, सगळ्यांत जड तेच. त्यानंतर एक आठवडा सुट्टी. त्या सुट्टीत तुम्ही दोघं या. कराडला चहाला थांबवतील अशी एसटी बघून ठेवलीय, सीट मी काढते. घर दोन दिवस बंद राहिलं तर काही होत नाही, शालूताई दूध घेतील. तिला भेटून रडायचं नाही, ती बावरते. रडायचं असेल तर माझ्या बेडरूममध्ये, दार लावून. मी पण तिथेच रडते.

शिमग्याला तिला घेऊन येईन. पालखी दारात आली की ढोल ऐकून ती पलंगाखाली जाईल आणि बाबा सालाबादप्रमाणे तिला तिथून प्रसादाच्या खोबऱ्याने बाहेर काढतील, त्यासाठी खोबरं राखून ठेवा. चहात बुडवलेली बटर आणि मनुका मात्र यापुढे अजिबात द्यायच्या नाहीत. मनुका तर कुठल्याच कुत्र्याला नाहीत.

चुकले असेन तर रागवा. पण दोघांनी एकदम नको, एकेकाने.

तुमची,
ठमी

ता. क. तिच्या जागेवरचं जुनं गोणपाट सुहासबरोबर परत पाठवा. आई, ते धुऊ नकोस. आहे तसं, वासासकट हवंय.