कुत्र्यावरच्या गोचिडी काढल्या, भिंतीतल्यांचं काय?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुत्रा चावल्याच्या बातम्या आपण नेमाने वाचतो. कुत्र्याला काय चावतं, यावर मात्र फारसं छापून येत नाही. हे पत्र त्याबद्दल आहे आणि त्यात माझ्या स्वतःच्या हलगर्जीपणाची कबुलीही आहे.

आमची चिंगी सहा वर्षांची. एके दिवशी तिने अर्धं खाणं तसंच ठेवलं आणि जाऊन पडून राहिली. उकाड्याने मलूल झाली असेल, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पाण्याच्या भांड्याजवळ फरशीवर रक्ताचा थेंब दिसला. पायाला काही लागलं असेल म्हणून मी तिचा पंजा हातात घेऊन बोटांच्या बेचक्या बघत होते, तेवढ्यात दुसरा थेंब माझ्या मनगटावर पडला. नाकातून.

डॉक्टरांनी तिचा ओठ वर केला. हिरड्या पांढुरक्या, आणि त्यावर सुईने टोचल्यासारखे लाल ठिपके. रक्त तपासलं तेव्हा प्लेटलेट्स १८,००० भरल्या. निरोगी कुत्र्यात त्या साधारण २ लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतात. "गोचिडी होत्या का?" डॉक्टरांनी विचारलं. मी जरा अभिमानानेच म्हटलं, "होत्या, पण मी एकूण एक काढल्या." "काढून कुठे टाकल्या?" "खिडकीतून खाली."

त्यावर ते काही बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्याचा अर्थ मला नंतर कळला.

बहुतेकांचा समज असा असतो की गोचीड कुत्र्याच्या अंगावर राहते. खरं तर ती तिथे फक्त जेवायला येते. अंड्यातून निघालेल्या सहा पायांच्या पिल्लापासून पूर्ण वाढलेल्या गोचिडीपर्यंत तिच्या तीन अवस्था असतात. प्रत्येक अवस्थेत ती एकदा पोटभर रक्त पिते आणि खाली गळून पडते. पुढची कात टाकणं असो की अंडी घालणं, सगळं अंगाबाहेर होतं. कुत्र्यांवर सर्रास आढळणारी तपकिरी गोचीड तर घराच्या आतच पिढ्यान् पिढ्या काढू शकते. टम्म फुगलेली एक मादी काही हजार अंडी घालते आणि त्यासाठी शोधते ती एखादी फट: दाराच्या चौकटीची, फरशीच्या सांध्याची, पलंगाच्या खालची. या जातीला वर चढायची खोडच असते. दवाखान्यातून घरी आल्यावर मी भिंतीवरची तसबीर काढली. मागे मोहरीपेक्षा बारीक ठिपक्यांची एक रांग वर सरकत होती. ती तसबीर मी दर आठवड्याला पुसत होते, पण पुढून.

शिवाय न जेवता ती कित्येक महिने तग धरते. म्हणजे आज आपण चार गोचिडी उपटल्या आणि सुटलो म्हणालो, तरी बाकीची पलटण भिंतीत वाट बघत असते. चिवट माणसाला आपण उगाच गोचिडीची उपमा देत नाही.

चिंगीला झाला तो एर्लिकिया. बोलताना सगळे त्याला "गोचीड ताप"च म्हणतात. पण त्या एका नावाखाली निरनिराळे आजार येतात आणि गोंधळ तिथेच होतो. एर्लिकियाचे जंतू पांढऱ्या पेशींत शिरतात आणि या आजारात प्लेटलेट्स घसरतात. बबेसियाचे परजीवी तांबड्या पेशी फोडतात, मग लघवी गडद होते, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी कावीळ दिसते. दोन्हींची औषधं वेगळी. हिपॅटोझून नावाचा तिसरा प्रकार तर गोचीड चावल्याने नव्हे, कुत्र्याने ती चाटून गिळल्याने होतो. त्यामुळे "शेजारच्यांच्या कुत्र्याला दिलेल्या गोळ्या उरल्यात, त्याच देते" हा उद्योग करू नये. तपासणी करून घ्यावी. रक्ताच्या काचपट्टीवर काही दिसलं नाही म्हणजे आजार नाही, असंही नाही.

एर्लिकियाचा कावेबाजपणा त्याच्या मधल्या टप्प्यात आहे. चावल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप येतो, तो कधी आपोआप उतरतोही, आणि कुत्रा बरा दिसू लागतो. जंतू मात्र महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं, आत दबून राहतात. पुढे रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जाच थकली तर डॉक्टरांच्याही हातात फार उरत नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याचे अनेक जर्मन शेफर्ड याच आजाराने गेले. या आजारावर डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा कोर्स सहसा २८ दिवसांचा असतो. पाचव्या दिवशी चिंगी शेपूट हलवत दारात उभी राहिली, तेव्हा गोळ्या बंद कराव्यात असं मलाही वाटलं होतं. केल्या नाहीत, एवढीच या प्रकरणातली माझी जमेची बाजू. यावर सर्रास मिळणारी लस नाही, आणि एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असंही नाही.

आता घरगुती उपायांबद्दल थोडं कडवट लिहिते. गोचिडीवर रॉकेल ओतणं, पेटती काडी टेकवणं, नखाने चिरडणं, हे सगळं मी पाहिलंय, त्यातलं एक केलंयही. चिमटा कातडीला अगदी लागून धरायचा, तिच्या तोंडाशी पकडायचं आणि न पिळता सरळ ओढायचं. मग स्पिरिटच्या बाटलीत टाकून झाकण लावायचं. बस. लसूण खाऊ घातला की गोचिडी पळतात, हा सल्ला तर मला तिघांनी दिला. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशींना घातक असतात. म्हणजे बबेसियाचंच काम आपण आपल्या हाताने करायचं. गुरांसाठीचं औषध अंदाजाने पातळ करून कुत्र्याला आंघोळ घालणारे आणि कुणाच्याही हातून आयव्हरमेक्टिन या परजीवीनाशक औषधाचं इंजेक्शन कुत्र्याला टोचून घेणारेही आहेत. कोली आणि तिच्यासारख्या कुत्र्यांच्या काही जातींत एक जनुकीय दोष आढळतो. त्यामुळे मोठ्या मात्रेत दिलेलं हे औषध त्यांच्या मेंदूपर्यंत पोचतं. कुत्रा कोसळतो.

चांगले उपाय आहेत. मानेवर टाकायचे थेंब आहेत, औषधी पट्टे आहेत, २०१३-१४ पासून आलेल्या चघळायच्या गोळ्या आहेत. या गोळ्यांबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते: "गोळी दिली तरी गोचीड दिसलीच." दिसणारच. ती चावल्यावरच औषध तिच्या पोटात जातं आणि मग एक-दोन दिवसांत ती मरते. मात्र ज्या कुत्र्याला फिट येतात, त्याच्या मालकाने आधी डॉक्टरांशी बोलावं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये या गटातल्या औषधांबद्दल तशी सूचना दिलेली आहे.

पण औषध कोणतंही असो, ते तारखेवर दिलं पाहिजे, गोचीड दिसल्यावर नव्हे. आणि घराच्या फटी, चौकटी, कुत्र्याचं अंथरूण हेही त्याच दिवशी हाताळलं पाहिजे. मी फटी बुजवून घेतल्या, अंथरूण गरम पाण्यात धुऊ लागले. संध्याकाळी पाच मिनिटं कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवते. चिंगीला ते लाड वाटतात.

पिसवा आणि जंतांचं दुखणं वेगळं, पण तेही डोळ्याआडच चालतं. पिसवांची अंडी आणि अळ्या गालिच्यात, सतरंजीत. पिसू गिळली की पट्टकृमी पोटात. गोल जंत तर पिल्लाला आईच्या पोटातच मिळतात, म्हणून जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करायला सांगतात. घरात रांगतं मूल असेल तर हे विसरून चालत नाही, कारण हे जंत माणसालाही बाधतात.

जाता जाता एक विनंती. आपल्या आरोग्य पानावर महिन्यातून एकदा छोटी चौकट पाळीव प्राण्यांसाठी ठेवता आली तर पाहा. गोचिडी झाल्या म्हणून कुत्रा लांब नेऊन सोडणारी माणसं मला माहीत आहेत. कुत्रा गेला तरी त्यांच्या भिंतीतल्या गोचिडी तिथेच राहिल्या, आणि आता त्या शेजारच्या कुत्र्यावर आहेत.

कळावे,
आपली एक वाचक

ता. क. : कुत्र्यांसाठीच्या काही थेंबांमध्ये परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. मांजरासाठी ते विष आहे. आमचा बोका चिंगीच्या कुशीत झोपतो, हे मी डॉक्टरांना सांगायला विसरले होते. औषध लिहून झाल्यावर सहज बोलण्यात निघालं आणि त्यांनी चिठ्ठी फाडून दुसरी लिहिली. तेव्हा घरात मांजर असेल तर ते आधीच सांगा.