सही अंडर सेक्रेटरीची, नाव राष्ट्रपतींचं

संपादक साहेब, नमस्कार,

परवा केंद्र सरकारचा एक आदेश हातात पडला, खाली लिहिलेलं "राष्ट्रपतींच्या आदेशावरून व त्यांच्या नावाने" आणि सही कोणाची तर अंडर सेक्रेटरीची! घरात लगेच वाद, की राष्ट्रपतींनी हे वाचलं तरी असेल का? बहुतेक नसेलच, आणि त्यात चुकीचं काही नाहीये. घटनेच्या कलम ७७ प्रमाणे केंद्राचा कारभार त्यांच्याच नावाने चालतो, पण निर्णय घेतात मंत्री, आणि कुठलं काम कोणत्या खात्याचं हे ठरतं १९६१ च्या नियमांवरून.

फाईल खालून वर जाते, सेक्शन ऑफिसर, अंडर सेक्रेटरी, मग डेप्युटी, जॉइंट, शेवटी सचिव आणि मंत्री, प्रत्येक जण आपला शेरा मारतो, आणि पैशाचा विषय निघाला की अर्थखात्याकडे चक्कर ठरलेलीच (तिथे ती किती दिवस झोपते ते विचारू नका). मोठा विषय असेल तर कॅबिनेट. मंत्रिमंडळाचा सल्ला पटला नाही तर राष्ट्रपती एकदा परत पाठवू शकतात, पण तोच सल्ला पुन्हा आला की मान्य करावाच लागतो, ही सोय १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीतली.

आपण मात्र सगळा राग खिडकीतल्या क्लार्कवर काढतो. लोकसभेला जबाबदार आहे ते मंत्रिमंडळ, तेव्हा तुमच्या पेपरात "सरकारने ठरवलं" असं मोघम छापण्यापेक्षा कोणत्या मंत्रालयाने ठरवलं तेवढं तरी द्या की राव.

आपला,
एक नियमित वाचक