वजिरावजिरीची घाई

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली बुद्धिबळाच्या डावाची नोंद मी पटावर मांडून दोनदा खेळून पाहिली. प्रतिस्पर्ध्याचे मानांकन तुझ्यापेक्षा ४०० गुणांनी जास्त असल्याने पराभव ठरलेलाच होता, हे तुझे म्हणणे मला मुळीच पटत नाही. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, तक्त्यानुसार एवढ्या फरकात त्याच्याकडून (विजयाला १, बरोबरीला अर्धा गुण धरून) ०.९२ गुणाची अपेक्षा असते, हे खरे. पण त्याच हिशेबाने बरोबरी झाली असती, तर २० च्या गुणकाने (एका डावाने मानांकन किती बदलावे हे ठरवणाऱ्या आकड्याने) तुझ्या मानांकनात ८.४ गुणांची भर पडली असती.

हत्तींच्या अंतिम पर्वात, म्हणजे राजांखेरीज फक्त हत्ती आणि प्यादे उरले असताना, ती बरोबरी पटावर होतीच. पांढऱ्याचे, म्हणजे त्याचे, एकुलते प्यादे (पांढऱ्याच्या बाजूने मोजून) पाचव्या ओळीत, त्याच्या शेजारी राजा, आणि तुझा राजा नेमका प्याद्याच्या वाटेत. अशा वेळी काळा हत्ती सहाव्या ओळीत उभा राहिला की पांढऱ्या राजाला पुढे सरकता येत नाही, आणि प्यादे सहाव्या ओळीत चढताच हत्तीने पहिल्या ओळीत उतरून मागून शह देत राहायचे, कारण आता राजाला प्याद्याआड लपता येत नाही. फिलिडोर या फ्रेंच खेळाडूने अठराव्या शतकात दाखवलेला हा बचाव आहे. तू मात्र हत्ती आठव्या ओळीत राजाजवळ आणलास. कडेच्या प्याद्यापुढे तसे बसून निभावले असते, मधल्या प्याद्यापुढे नाही.

तरीही डाव हरण्याचे मूळ मला बरेच आधी दिसते. बलवान खेळाडूसमोर मोहरी कमी झाली की धोका टळतो, असा समज फार पसरलेला आहे आणि तो घातक आहे, कारण मोकळ्या पटावर तंत्राला किंमत येते आणि त्याचा अनुभव तिथेच तुझ्यापेक्षा अधिक असतो. आणि मानांकन कमी म्हणजे पराभव ठरलेला, असेही नसते: २००४ मध्ये आइसलँडमधील रेकयाविकच्या जलद स्पर्धेत तेरा वर्षांच्या, पुढे जगज्जेता झालेल्या कार्लसनने, मानांकन २४८४ असताना, माजी जगज्जेत्या कास्पारोव्हला बरोबरीत रोखले; त्या डावात जिंकण्याची संधी निर्माण झाली होती ती कार्लसनसाठी.

तुझा घोडा मध्यभागी भक्कम बसला होता, प्रतिस्पर्ध्याचा राजा उघडा पडला होता आणि घड्याळात तुझ्याकडेच जास्त वेळ होता. मग बाविसाव्या चालीला वजिरावजिरी, म्हणजे दोन्ही वजिरांची अदलाबदल, का स्वीकारलीस? ती टाळून वजीर राजाच्या बाजूला नेला असता, तर विचार करण्याची पाळी त्याच्यावर आली असती. त्या क्षणी तू कोणत्या चाली मोजल्या होत्यास, हे सविस्तर लिही.

तुझा स्नेही