स्मरण : शनिवारची श्रवणसभा, व्हायोलाचं शोकसंगीत

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या शनिवारी संध्याकाळी बरोबर ६ वाजता, नेहमीच्याच जागी. उशीर करू नका, कारण पहिली रचना जेमतेम आठ मिनिटांची आहे; चपला काढेपर्यंत निम्मी संपलेली असेल.

ती म्हणजे जर्मन संगीतकार पाउल हिंडेमिथ यांची 'ट्राउअरमुझीक'. जानेवारी १९३६ मध्ये ते लंडनला स्वतः व्हायोला (व्हायोलिनसारखंच, पण जरा मोठं वाद्य) वाजवायला आले होते. राजा पाचवा जॉर्ज २० तारखेच्या रात्री वारला, ठरलेला कार्यक्रम रद्द झाला. मग बीबीसीच्या एका खोलीत बसून सहा तासांत त्यांनी हे शोकसंगीत लिहून काढलं आणि रेडिओवर स्वतःच वाजवलं. साथीला फक्त तंतुवाद्यं. शेवटच्या भागात एक जुनं जर्मन भक्तिगीत येतं. वृंद एक ओळ म्हणतो आणि थांबतो, त्या जागेत व्हायोला एकटा बोलतो. तिथे कान द्या. मला ती जागा दर वेळी गलबलून टाकते.

त्यानंतर सोव्हिएत संगीतकार आल्फ्रेड श्निट्के यांचा १९८५चा व्हायोला कॉन्चेर्टो, म्हणजे एकल व्हायोला आणि वाद्यवृंदासाठीची रचना, साधारण अर्धा तास. यातल्या वृंदात व्हायोलिन एकही नाही! व्हायोलिनपेक्षा सा-पच्या अंतराने खाली लावलेल्या या वाद्याचा घोगरा, मायाळू आवाज त्यामुळे झाकला जात नाही.

भागांच्या मध्ये टाळ्या नकोत, फोन बंद ठेवा. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत इथेच कळवा, खुर्च्या मांडायच्या आहेत.