विनोद थांबले, पण कोणावरचे?

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना, ते गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ च्या कक्षेतून वगळले, तेव्हा आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेले विनोद मला आजही बोचतात, कारण त्यांवर मीही हसलो होतो. पुढे एका मित्राने आपली मुलगी समलिंगी असल्याचे तिथेच लिहिले आणि एरवी सतत वाजणारा तो ग्रुप दिवसभर गप्प राहिला. तसले विनोद त्यानंतर थांबले. तृतीयपंथीयांवरचे मात्र सुरूच आहेत, वास्तविक त्यांच्या ओळखीला याच न्यायालयाने २०१४ मध्ये मान्यता दिली आहे. ओळखीच्या घरातले कोणी निघेपर्यंत आपण का थांबावे? ॲडमिननी असे संदेश तत्काळ काढून टाकावेत आणि पाठवणाऱ्याशी स्वतः फोनवर बोलावे, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, सांगली