मोजा विरतो तो सुतामुळे

महोदय,
स. न. वि. वि.

थंडीच्या तोंडावर वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत लोकरीच्या विणकामाच्या कृती येऊ लागतात. स्वेटर, मफलर, कानटोपी आणि अधूनमधून पायमोजे. पायमोज्यांच्या कृतीचे पहिले वाक्य बहुधा ‘६० टाके घाला’ असे असते. लोकर किती जाडीची, सुई कितव्या नंबरची, पाय कोणाचा, यातले काहीच त्यात नसते. मग त्याच साठ टाक्यांत एकीचा मोजा लहान मुलाच्या पायाचा होतो आणि दुसरीचा मोठ्या माणसाच्या पायातही ढिला पडतो.

निफाडचा पारा एक आकडी होतो त्या दिवसांत नाशिकच्या घरांत सकाळी फरशीवर पाय ठेववत नाही. मोजे विणू शकणारे हात इथे भरपूर आहेत. कमी आहे ती सुताची ओळख. हाताने विणलेला मोजा महिना-दीड महिन्यात टाचेला विरला की दोष विणीला दिला जातो. बहुतेक वेळा तो सुताचा असतो. सुताचे गुणदोष बोटांना कळायचे असतील तर थोडेफार कातायला शिकण्यासारखा दुसरा उपाय नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र.

दुकानातला सगळ्यात मऊ गुंडा मोज्यासाठी सगळ्यात वाईट. ‘बेबी वूल’ म्हणून जो मिळतो तो पुष्कळदा पूर्ण अ‍ॅक्रिलिकचा असतो आणि त्याला पीळ कमी असतो. कमी पिळाचे तंतू घासले की बाहेर येतात, त्यांच्या गोळ्या होतात, गोळ्या गळतात आणि धागा बारीक होत जातो. शिवाय अ‍ॅक्रिलिक घाम शोषत नाही. खरी लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. मोज्यासाठी ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन हे मिश्रण जगभर रूढ आहे. वेष्टनावर वजनासोबत लांबीही पाहावी. १०० ग्रॅममध्ये ४०० मीटरच्या आसपास धागा असेल तर तो मोज्याच्या जाडीचा. बायकांच्या मध्यम मापाच्या जोडीला असा ६० ते ७५ ग्रॅम धागा पुरतो.

सुई १३ नंबरची, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरची. दोन्ही टोके अणकुचीदार असलेल्या पाच सुयांचा संच घ्यावा, शक्यतो बांबूचा, कारण धातूच्या सुया टाक्यांतून निसटतात. आधी नमुन्याचा तुकडा विणावा आणि तो गोलच विणावा. सपाट तुकड्यात उलट टाक्यांच्या ओळी येतात आणि बहुतेकांचा उलट टाका सुलटपेक्षा ढिला पडतो, त्यामुळे माप चुकते. तुकडा धुऊन वाळवून १० सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे. समजा ३२ बसले. चवड्याचा घेर साडेबावीस सेंटीमीटर असेल तर ७२ टाके झाले. त्यातून दहा टक्के कमी करायचे, कारण मोजा पायावर थोडा ताणलेलाच हवा. ढिला मोजा बुटात सरकतो, सरकला की घासतो. उरले ६५. दोन सुलट दोन उलट अशा बॉर्डरसाठी चाराने भाग जाणारा आकडा हवा, म्हणून ६४.

टाके दोन सुया एकत्र धरून घालावेत. घट्ट घातलेली कड टाचेवरून चढत नाही आणि पुढे काहीही केले तरी ती सुधारत नाही. गोल जोडण्यापूर्वी सगळ्या टाक्यांची कड खालच्या बाजूला आहे ना, हे पाहावे. एक पीळ पडून जोडले गेले तर उसवण्यावाचून इलाज नाही. दोन सुयांच्या सांध्यावर ढिल्या टाक्यांची उभी शिडी पडत असेल तर सुईवरचा पहिला टाका नाही, दुसरा टाका घट्ट ओढावा.

बॉर्डर आणि पोटरीचा भाग हवा तेवढा विणून झाला की टाच येते. तिला लोक घाबरतात, पण ती नुसती मोजणी आहे. ६४ पैकी ३२ टाके एका सुईवर घ्यायचे, बाकीचे ३२ थांबवायचे. टाचेची पट्टी मागेपुढे ३२ ओळींची. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता सरकवायचा. सुलट बाजूने एक सरकवा, एक विणा असे शेवटपर्यंत, उलट बाजूने बाकीचे सगळे उलट. सरकवलेल्या टाक्यांमागे धागा आडवा राहतो आणि पट्टी जाड होते. मग टाच वळवायची. १८ सुलट, दोन एकत्र, एक सुलट, आणि ओळ अर्धवट ठेवून काम उलटायचे. पहिला सरकवा, ५ उलट, दोन एकत्र उलट, एक उलट, पुन्हा उलटा. यापुढे प्रत्येक ओळीत मधला आकडा एकेकाने वाढतो: ६, ७, ८. एकत्र करायचे दोन टाके नेहमी फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे असतात, त्यामुळे आकडा विसरला तरी फट वाट दाखवते. शेवटच्या दोन ओळींत एकत्र केल्यावर विणायला टाका राहत नाही. सुईवर १८ टाके उरले पाहिजेत. उरले नाहीत तर तिथेच उसवा, पुढे जाऊ नका. पट्टीच्या दोन्ही कडांवरून १६-१६ टाके उचलले की थांबवलेले ३२ धरून एकूण ८२ होतात. कोपऱ्यात भोक पडू नये म्हणून तिथे एक जादा टाका उचलून पुढच्या फेऱ्यात शेजारच्याबरोबर एकत्र विणावा. मग एक फेरा साधा, एका फेऱ्यात दोन्ही कोपऱ्यांना एकेक टाका कमी. असे नऊ वेळा केले की पुन्हा ६४.

पाऊल हव्या लांबीपेक्षा पाच सेंटीमीटर कमी असताना बोटांकडची घट सुरू करावी: एकाआड एका फेऱ्यात चार टाके कमी, ३२ उरले की प्रत्येक फेऱ्यात, १६ उरले की सुईदोऱ्याने टाक्याला टाका जोडून बंद. तिथे शिवणीची कड राहू देऊ नये, ती बुटात टोचते.

एका मोज्यात सुमारे दहा हजार टाके असतात. मिनिटाला वीस टाके धरले तर आठ तास, म्हणजे रोज अर्धा तास दिला तर सोळा दिवस. घरकाम आणि नोकरी सांभाळून हे सहज होते, फक्त कोणता भाग कधी करायचा हे ठरवावे लागते. पोटरीचे आणि पावलाचे साधे फेरे सातपूरहून सीबीएसला जाणाऱ्या बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, गप्पा मारत होतात. टाच वळवण्यासाठी मात्र सगळे निजल्यावरची वीस मिनिटे राखून ठेवावीत. फेरे मोजायला दर दहाव्या फेऱ्याला वेगळ्या रंगाचा दोरा अडकवावा, नाहीतर दुसरा मोजा लांबीला वेगळा होतो.

आता कातण्याकडे. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला वापरायची पितळी टकळी आखूड तंतूच्या कापसासाठी आहे. ती वाटीत टेकवून फिरवतात, कारण कापसाचा कोवळा धागा तिचे वजन पेलत नाही. पेटी चरखाही कापसाचाच. लोकरीचा तंतू लांब, म्हणून तिला लोंबती टकळी चालते आणि ती घरी होते. पेन्सिलीएवढी गोल काडी, टोकाला पडद्याचा छोटा हूक, खाली दोन जुन्या सीडी, मधल्या भोकात रबर. वजन ४० ग्रॅमच्या आसपास भरते. हात बसला की एक सीडी काढावी; बारीक धाग्याला हलकी टकळी हवी.

आधी तयार लोकरीचा अर्धा मीटर दोरा काडीला बांधून त्याला पेळू, म्हणजे पिंजलेल्या तंतूंची वळी, जोडायचा. सुरुवातीला टकळी लोंबत ठेवून कातू नये. ती फिरवून पीळ साठवावा, मग गुडघ्यांत धरावी आणि दोन्ही हातांनी तंतू ओढून तो पीळ त्यांत जाऊ द्यावा. दोन हातांतले अंतर तंतूच्या लांबीपेक्षा थोडे जास्त हवे. कमी असेल तर एकाच तंतूची दोन्ही टोके धरली जातात आणि कितीही ओढले तरी तो सरकत नाही. नवशिके इथे जोर लावतात. जोर नको, हात लांब करा. पीळ पेळूत शिरला तर गाठोडे होते, ते उलटे फिरवून मोकळे करावे. धागा हळूच विरळ होऊन सुटला तर पीळ कमी पडला. वेटोळी होऊन टचकन तुटला तर पीळ जास्त झाला.

ताज्या कातलेल्या धाग्याचा हातभर तुकडा सैल सोडावा. तो स्वतःभोवती गुंडाळून जी दोरी करतो, तशीच पदर घातलेली, म्हणजे एकेरी धागे एकमेकांभोवती पिळलेली लोकर पुढे मिळणार. कालचा धागा असेल तर पीळ निजलेला असतो, तो ओला करून पाहावा. मोज्यासाठी ही दोरी स्वेटरच्या लोकरीपेक्षा करकरीत हवी. सगळे एकेरी धागे एकाच दिशेने कातावेत आणि पदर घालताना टकळी उलट फिरवावी. तीन पदर घ्यावेत. दुपदरी धागा चपटा असतो, तीन पदरी गोल होतो आणि घासण सगळ्या बाजूंना वाटली जाते. फूटपट्टीवर गुंडाळल्यावर अडीच सेंटीमीटरमध्ये १६ च्या आसपास वेढे बसले की जाडी बरोबर. लड कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजवून, पिळून न काढता टांगावी.

एका जोडीला ३०० मीटर धागा धरला तर तीन पदरांसाठी ९०० मीटर एकेरी कातावे लागते. म्हणून पहिल्याच सुताचे मोजे करण्याचा हट्ट धरू नये. आधी वीस ग्रॅम काता. तेवढ्यानेही दुकानातला गुंडा चिमटीत उलगडून त्याचे पदर आणि पीळ पाहण्याची दृष्टी येते.

सिन्नर, येवला, नांदगावकडचे धनगर मेंढ्या भादरतात ती दख्खनी लोकर जाड, टोचरी आणि घोंगडीची. उघड्या पायाला ती सोसत नाही. पण आत सुती मोजा घालून घरात वापरायच्या जाड मोज्यांना ती चांगली टिकते, आणि कोकराच्या पहिल्या कातरणीची, म्हणजे जावळाची लोकर त्यातल्या त्यात मऊ असते. ती शिकायला घ्यावी. धुताना कडक गरम पाण्यात रिठ्याचा फेस करून अर्धा तास नुसती बुडवून ठेवावी. ढवळली किंवा एकदम गार पाण्यात टाकली तर तिचा नमदा होतो, म्हणजे तंतू एकमेकांत गुंतून घट्ट बसतात. पिंजायला कुत्र्यांच्या केसांसाठी मिळणारे तारेचे दोन ब्रश पुरतात.

तयार मोजेही रिठ्याच्या कोमट पाण्यात, न चोळता. घामट मोजे तसेच ठेवले तर पावसाळ्यात कसर लागते. टाच विरळ दिसू लागली की भोक पडण्याआधीच त्याच लोकरीने टाक्यावर टाका भरावा. त्यासाठी पाच ग्रॅम धागा राखून ठेवावा.

आपल्या पुरवणीत यापुढे मोज्यांची कृती छापताना चवड्याचा घेर, १० सेंटीमीटरमधले टाके, सुईचा नंबर, १०० ग्रॅममधली धाग्याची लांबी आणि धाग्याचे पदर, एवढ्या पाच गोष्टी सुरुवातीला द्याव्यात, ही विनंती. एका ओळीत मावतात.

कळावे,
मोजे विणणारे व सूत कातणारे काही वाचक, नाशिक