तुझ्या वहिनीला वाखेनिंगन दाखवलं

बगीच्यातून, ता. वरुड, जि. अमरावती
9 जून 2024

प्रिय गड्या,

मृग लागला, पावसाचा पत्ता नाही. या आठवड्यात लाइन रात्रीची आहे, म्हणून मोटार चालू करून बाजेवर बसलो आहे अन् टॉर्चच्या उजेडात लिहितो आहे. परवा फोनवर तू विचारलंस, "कसं झालं मग?" मी "मस्त" म्हणून मोकळा झालो. ते मस्तच्या पुढचं सगळं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

2003 च्या ऑगस्टमध्ये मी नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनला शिकायला निघालो, तू मला नागपूर स्टेशनवर सोडायला आला होतास, तेव्हाच म्हणालो होतो, लग्न झालं की बायकोला घेऊन जाईन. त्या बोलण्याला 21 वर्षं होत आली. यंदा बगीचा उक्ता दिला, पैसे बरे आले, अन् ही एक दिवस आपणहून म्हणाली, "जायचं असन तं आताच जाऊ. मंग गुडघे नाई म्हणतीन." 26 एप्रिलला मतदान केलं अन् पुढच्या आठवड्यात विमानात बसलो. ऐन मे महिन्यात, संत्र्याच्या आंब्या बहाराला फळगळ लागायच्या दिवसांत, बगीचा पुतण्यावर टाकून निघालो. आमच्या दाजींनी तोंडावर काही म्हटलं नाही, पण त्यांचं खाकरणं मला कळतं.

वाखेनिंगनला रेल्वे नाही, हे तुला माझ्या पत्रांतून माहीत आहे. एडेला उतरून बस धरायची. माझ्या डायरीत तेव्हाचं एक बसचं तिकीट होतं, निळं, पंधरा पट्ट्यांचं. ड्रायव्हर त्यावर शिक्का मारायचा, जितकं लांब जायचं तितक्या पट्ट्या जायच्या. त्यावर चार पट्ट्या कोऱ्या राहिल्या होत्या. गंमत म्हणून ते ड्रायव्हर पोरीपुढे धरलं. तिनं उलटसुलट करून पाहिलं. ही तिकिटं 2011 मध्येच बंद झाली, तेव्हा ती पोरगी शाळेत असेल. आता बँकेचं कार्ड यंत्राला टेकवलं की झालं. ही मागून म्हणाली, "चार पट्ट्या बुडाल्या तुमच्या."

माझं कॉलेज तर जागेवर नाहीच. जुनं ड्रायेन कॅम्पस गावातच होतं, विद्यापीठ तिथून उठून उत्तरेला नव्या इमारतींत गेलं अन् जुन्या जागेवर घरं होताहेत. जिथं मी दोन वर्षं मातीचे नमुने चाळले, तिथं कोणाचा तरी सोफा येणार. शेजारचं बेलमाँटेचं झाडांचं उद्यान मात्र तसंच आहे. ऱ्होडोडेंड्रॉन फुलले होते अन् टेकडीवरून नदीपलीकडचा प्रदेश सपाट, हिरवा दिसत होता.

डाइकग्राफ उभा आहे. आठवतो? माझ्या हॉस्टेलचा तो मनोरा. पाकिटावर तू तो "डिजकग्राफ" वाचायचास अन् अकोल्याच्या आपल्या सगळ्या टोळीला तेच शिकवलं होतंस. त्या नावाचा अर्थ मलाही नीट आताच लागला, तोही हिच्यामुळे.

झालं असं की, आम्ही दोन सायकली भाड्यानं घेतल्या. ही मोर्शीला शाळेत सायकलनंच जायची, त्यामुळे भारी फुशारक्या. पण तिथल्या कित्येक सायकलींना हँडलवर ब्रेक नसतो, पायडल उलटं दाबलं की चाक थांबतं. हे सांगायला मी विसरलो. पहिल्याच उतारावर हिनं सवयीनं दोन्ही मुठी आवळल्या, हाती काहीच लागलं नाही, अन् "अवो! अवो! ब्रेक कुठं हाय हिचा?" करत सरळ एका कुंपणात. लागलं काही नाही. कुंपणवाल्या आजी बाहेर आल्या, त्यांनी पाणी दिलं अन् स्वतः उलटं पायडल मारून दाखवलं. ऐंशीच्या तरी असतील.

तिथून आम्ही बांधावर चढलो. बांध म्हणजे नेडर-राइन नदीचा, आपला धुऱ्यावरचा नव्हे. त्यावर सायकलची वाट आहे, एकीकडे नदीकाठची कुरणं अन् दुसरीकडे घरं. ही मधे थांबली. एकदा नदीकडे बघे, एकदा घरांकडे. "हे पाणी चढलं तं घरायच्या वर राहीन ना हो?" म्हटलं, राहीन. 1995 च्या जानेवारी-फेब्रुवारीत नद्या अशा चढल्या की या नदीपट्ट्यातली सुमारे अडीच लाख माणसं गुराढोरांसकट हलवावी लागली. बांध टिकले म्हणून ती परत घरी आली. मग हिचे प्रश्न सुरू. बांध कोणाचा? त्याला पैसा कोण देते? मी सांगितलं, पाण्याची वेगळी मंडळं आहेत, थेट मध्ययुगापासूनची. त्यांची वेगळी निवडणूक होते अन् वेगळी पट्टीही भरावी लागते. त्या मंडळाच्या मुख्याला म्हणतात डाइकग्राफ. म्हणजे दोन वर्षं मी पाणी-पाटलाच्या नावाच्या इमारतीत राहून तुला संडासच्या रांगेबद्दल लिहीत होतो.

ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इथं पाणी बाहेर ठेवाले मंडळ हाय. आपल्या इकडं बोअर नऊशे फुटांवर गेले, तरी मंडळ नाई." आपला तालुका डार्क झोनमध्ये, म्हणजे जमिनीतलं पाणी अति उपसलेल्या भागात, आहे हे मी ग्रामसभेत दहा वेळा बोललो असेन. आकडे घेऊन बोललो. कोणी मान वर केली नाही. हिनं ते एका वाक्यात संपवलं, अन् मला थोडा रागच आला.

लेक्सकेसच्या फेरीबोटीनं नदी ओलांडली, दोन-चार मिनिटांचं काम, पण हिला परत-परत जायचं होतं. तीनदा गेलो. तिसऱ्यांदा बोटवाल्यानं हसून पैसे घेतले नाहीत.

आता खरं सांगायचं ते. शनिवारी, 4 मे रोजी, चर्चसमोरच्या चौकात बाजार होता. बुधवार अन् शनिवार, अजूनही तेच वार. चीजवाल्या बाईनं हिच्या नखावरची काळी शाई पाहून विचारलं, लागलं का? मी निवडणुकीचं सांगितलं. तिनं शेजारच्या मासेवाल्याला बोलावून ते बोट दाखवलं. हिनंही ते उंच करून धरलं, जसं काही एकटीनंच सरकार बनवलं.

पुढे फळांच्या दुकानावर संत्री होती, सगळी एका मापाची, मेण लावल्यासारखी चकचकीत. हिनं एक उचललं, नखानं साल दाबली, नाकाशी नेली. "वासच नाई." मी म्हटलं, मी हेच घ्यायचो. दर शनिवारी एक. पहिल्या हिवाळ्यात साडेचारलाच अंधार पडायचा, खोलीत कोणी बोलायला नसायचं, तेव्हा ते टेबलावर ठेवायचो. खायचो नाही. बुधवारी-गुरुवारी सुकायला लागलं की मग सोलायचो.

हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, तुलाही नाही. तुला मी नदी, चीज, प्रोफेसरसोबतची बिअर, बर्फ असलं लिहीत होतो. गावातही तेच. लग्नानंतर हिलाही तेच. अन् इथली वीज गेली, रस्ता खचला की "आमच्या वाखेनिंगनला" असं तोंडातून निघायचं, हे तू अनेकदा ऐकलं आहेस. हिनं ते संत्रं विकत घेतलं. पर्समध्ये ठेवलं. म्हणाली, "मले वाटे, तुमी तिथंच खुश होते अन् इथं नाइलाजानं राह्यले." बाजारातच म्हणाली, मासेवाल्याच्या समोर. मला काही सुचलं नाही. मी तळलेला मासा घेतला.

त्याच संध्याकाळी आठ वाजता सगळं थांबलं. दर 4 मेला तिथं युद्धात मेलेल्यांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहतात. मे महिन्यात आठला चांगला उजेड असतो, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे दिसत होते. 1940 च्या मे महिन्यात हे अख्खं गाव बोटींत बसवून रिकामं केलं होतं, अन् 5 मे 1945 ला इथल्याच हॉटेल दे वेरल्डमध्ये कॅनडाचे जनरल फॉल्क्स अन् जर्मन जनरल ब्लास्कोविट्झ जर्मन सैन्याच्या शरणागतीच्या वाटाघाटींना बसले. मध्यरात्री त्याच हॉटेलसमोर ज्योत पेटते अन् धावणारे ती देशभर नेतात. त्या दोन मिनिटांत हिनं डोक्यावर पदर घेतला होता. कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

संत्र्याचं काय झालं विचारशील. ते विमानतळावर खाल्लं. आंबट निघालं.

परत आलो तेव्हा पारा 44 वर होता. गळ बरीच झाली, पण पुतण्यानं ड्रिप नीट चालवली, पोराचं कौतुक आहे. जवसाच्या चटणीची अर्धी बरणी तशीच परत आली. ही आता बचत गटात बांधाची गोष्ट सांगते. तिच्या तोंडी नदी माझ्यापेक्षा मोठी आहे.

एक काम कर. माझी तेव्हाची पत्रं तुझ्याकडे असतील, तू काही फेकत नाहीस. हिला ती वाचायची आहेत. पोळ्याला इकडे येशील तेव्हा घेऊन ये. पण आधी मला दे, दोन-तीन मला काढून ठेवायची आहेत.

मोटार बंद पडली. लाइन गेली वाटतं. थांबतो.

तुझाच,
डिजकग्राफवाला